मागील पानावरून पुढे : मातेचा आजार आणि अपत्याचे आरोग्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर प्रशासनाच्या वतीने झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



वार्षिक सभेत प्रशासनाच्या वाट्यास सामान्यतः आकड्यांचे निवेदन येते. जमा-खर्चाचे पत्रक आणि विभागवार रुग्णसंख्या या अहवालात अन्यत्र दिलेली आहे, ती आपण अवश्य पाहावी. यंदा मात्र विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने आम्ही एका वेगळ्या विषयावर चार शब्द बोलणार आहोत. आईच्या पोटात असतानाच अपत्याच्या शरीरातील ऊतींमध्ये जे बदल घडतात आणि जे पुढे वीस-तीस वर्षांनी आजाराच्या रूपाने प्रकट होतात, त्यांविषयीचे संशोधन हा तो विषय होय.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु रुग्णालयाच्या कार्यालयात इतकी वर्षे केसपेपर, नोंदवह्या आणि हिशेब हाताळल्यावर काही गोष्टी दृष्टीस पडतातच. आमच्या येथे प्रसूती विभागाची नोंदवही निराळी आणि मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागाची निराळी. बहुतेक रुग्णालयांत असेच असते. स्त्री प्रसूत झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली, की पहिल्या वहीतील खाते बंद होते. पुढे तिचेच अपत्य पंचविशीत मधुमेही होऊन आले, तर दुसऱ्या वहीत नवे खाते कोऱ्या पानावर उघडले जाते. ज्यांनी कीर्द-खतावणी लिहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की चालू व्यवसायाचे नवे वर्ष कधीच कोऱ्या पानाने सुरू होत नाही. पहिली ओळ असते ती ‘मागील पानावरून पुढे’ आणलेल्या शिलकेची. आमच्या डॉक्टर मंडळींनी समजावून दिलेले संशोधन नेमके हेच सांगते, की जन्मणाऱ्या बाळाच्या खात्यावरही आरंभीची शिल्लक असते.

ही शिल्लक म्हणजे केवळ आनुवंशिकता, असे आपण आजवर समजत आलो. ‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ हे वाक्य ओपीडीच्या बाकावर रोज ऐकू येते. घराण्याचा वाटा असतो, यात शंका नाही. परंतु आई-वडिलांकडून बीजरूपाने आलेला गुण ही एक गोष्ट आणि नऊ महिने मातेच्या रक्तात जे होते त्याचा बाळाच्या घडणाऱ्या अवयवांवर झालेला परिणाम ही दुसरी गोष्ट. पहिली बदलणे आपल्या हाती नाही, दुसरी पुष्कळ अंशी आहे. म्हणूनच या दोहोंची फारकत करून दाखवणाऱ्या संशोधनाचे मोल फार मोठे आहे.

प्रथम आपल्या पोटातील स्वादुपिंड या अवयवाची थोडी ओळख करून घेऊ. १८६९ साली पॉल लँगरहान्स या जर्मन अभ्यासकाने सूक्ष्मदर्शकाखाली या अवयवात पेशींचे लहान लहान पुंजके पाहिले. समुद्रात बेटे विखुरलेली असावीत तसे ते दिसतात, म्हणून त्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ हे नाव पडले. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि इन्सुलिनमुळे रक्तातील साखर आटोक्यात राहते. १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेही स्त्रीला दिवस राहणे हेच विरळ असे, आणि राहिलेच तर बाळ हाती लागण्याची आशा थोडी. तरीही १९२० साली ड्युब्रय आणि अँदेरोदियास या फ्रेंच वैद्यकांनी एक नोंद करून ठेवली. लघवीतून साखर जाणाऱ्या मातेच्या नवजात अर्भकात ही बेटे नेहमीपेक्षा कितीतरी मोठी झालेली त्यांना आढळली होती.

असे का व्हावे, याचे उत्तर कोपनहेगनच्या योर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडले. मातेच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे सहज जाते, परंतु मातेचे इन्सुलिन पलीकडे जात नाही. साखर वाढली की तिला तोंड देण्याचे काम बाळाच्या इवल्याशा स्वादुपिंडावर पडते. ते जादा इन्सुलिन तयार करू लागते आणि बाळ फुगते. जन्मताच नाळ कापली जाते, मातेकडून येणारी साखर एकाएकी थांबते, पण बाळाचे इन्सुलिन मात्र चालूच असते. म्हणून अशा बाळाची साखर जन्मानंतर काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आपल्या नवजात शिशू विभागात अशा बाळांच्या टाचेतून पुन्हा पुन्हा रक्ताचा थेंब का घेतला जातो, हे ज्या आप्तांना कळत नसे, त्यांना आता कळावे.

पण हा झाला पहिल्या काही दिवसांचा प्रश्न. त्या मोठ्या झालेल्या बेटांचे पुढे काय होते? बाळ वाढून प्रौढ झाल्यावर तो बदल पुसला जातो की राहतो? १९८० साली अमेरिकेतील डॉ. नॉर्बर्ट फ्रीन्केल यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात असा विचार मांडला की, गर्भावस्थेत मातेकडून मिळणाऱ्या पोषकद्रव्यांच्या कमी-अधिक मिश्रणाचा ठसा अपत्याच्या ऊतींवर कायमचा राहू शकतो. हे पडताळून पाहायचे, तर माणसांवर प्रयोग करता येत नाही. कोणत्याही मातेची साखर मुद्दाम वाढवणे हा अपराध ठरेल. शिवाय माणसाच्या तीन पिढ्या पाहण्यास पाऊणशे वर्षे लागतात. म्हणून संशोधक प्रयोगशाळेतील उंदरांकडे वळले. त्यांच्या मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा आणि पिल्ले काही महिन्यांत स्वतः माता होतात.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. आमच्या देणगीदारांपैकी अनेक जण अहिंसेला परमधर्म मानणारे आहेत आणि ‘आमच्या देणगीतून प्राण्यांवर प्रयोग होतात का?’ असा प्रश्न आम्हांस विचारला गेला आहे. आपल्या रुग्णालयात असे कोणतेही प्रयोग होत नाहीत आणि देणगीतील एक रुपयाही त्यावर खर्च होत नाही. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर नियंत्रण आहे. तथापि, आज आपण ज्या ज्ञानाच्या बळावर मातांवर उपचार करतो, त्यातील मोठा भाग अशा मुक्या जिवांच्या ऋणातून आला आहे, हे मान्य करणे आम्ही प्रामाणिकपणाचे समजतो. ते ज्ञान उपलब्ध असूनही वापरले नाही, तर ते ऋण दुप्पट होईल.

आता प्रयोगाकडे वळू. बेल्जियममधील लोव्हेन येथे फ्रान्स व्हान आशे आणि लिओना आर्ट्स या संशोधकांनी १९७० च्या दशकापासून एक प्रदीर्घ प्रयोगमाला चालवली. त्यांनी गाभण माद्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन हे द्रव्य दिले. ते बीटा पेशींना इजा करते, त्यामुळे मादीला मधुमेह होतो. या माद्यांच्या वंशात मधुमेह नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. आजार बाहेरून आणलेला होता. त्यामुळे पिल्लांत जो बदल दिसेल तो बीजातून आला, असे म्हणण्यास जागाच उरली नाही.

ज्या माद्यांचा मधुमेह सौम्य होता, त्यांच्या गर्भात बेटे मोठी झाली होती आणि बीटा पेशी वाढल्या होत्या. ज्यांचा मधुमेह तीव्र होता, त्यांची पिल्ले उलट खुरटी निघाली. त्यांच्या बीटा पेशी अतिश्रमाने रित्या झालेल्या होत्या, साठवलेल्या इन्सुलिनचे कण त्यांत जवळजवळ उरले नव्हते. सौम्य मधुमेहाच्या माद्यांना झालेल्या पिल्लांतील माद्या मोठ्या झाल्यावर वरकरणी निरोगी दिसत. पण त्या गाभण राहिल्या की त्यांची साखर वाढे आणि त्यांच्या पोटातील गर्भातही तेच बदल दिसू लागत. पहिल्या मादीला दिलेल्या द्रव्याचा परिणाम अशा रीतीने तिसऱ्या पिढीत पोहोचला. त्या तिसऱ्या पिढीला ते द्रव्य कधी शिवलेही नव्हते.

याच संशोधकांनी पुढे आणखी एक गोष्ट करून पाहिली. मधुमेही गाभण मादीच्या शरीरात त्यांनी निरोगी बेटांचे रोपण केले. तिची साखर पूर्ववत झाली आणि अशा मादीची पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्यातील साखरेचा बिघाड टळलेला आढळला. १९९२ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आम्हांस या साऱ्या संशोधनाचे सार वाटतो. मातेची साखर वेळीच आवरली, तर साखळी तुटते.

मातेचा आजार म्हणजे केवळ वाढलेली साखर नव्हे. उपासमार हाही आजारच. बेल्जियममध्येच डॉ. होएत यांच्या गटाने दुसऱ्या प्रकारचा प्रयोग केला आणि तो १९९० साली प्रसिद्ध झाला. गाभण माद्यांना उष्मांक पुरेसे दिले, पण आहारातील प्रथिनांचे प्रमाण शेकडा वीसऐवजी आठ ठेवले. या माद्यांच्या गर्भात बेटे लहान राहिली, बीटा पेशींची वाढ मंदावली आणि बेटांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही कमी भरल्या. पोट भरलेले होते, पण सकस नव्हते, एवढाच फरक. आपल्याकडे ‘पोटभर जेवते की सूनबाई’ असे सांगितले जाते तेव्हा ताटात काय होते, हे का विचारावे लागते, ते या प्रयोगावरून कळते.

हा ठसा केवळ स्वादुपिंडावर उमटतो असेही नाही. मूत्रपिंडात रक्त गाळणारे लक्षावधी सूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. माणसात त्यांची संख्या जन्मापूर्वीच ठरते, नंतर एकही नवा निर्माण होत नाही. म्हणून १९८८ साली डॉ. ब्रेनर यांनी अशी शंका मांडली होती की, कमी नेफ्रॉन घेऊन जन्मलेल्यांना पुढे रक्तदाबाचा विकार अधिक जडत असावा. २००३ साली जर्मनीतील अभ्यासकांनी अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तींची मूत्रपिंडे तपासली. उच्च रक्तदाब असलेल्या दहा जणांत एका मूत्रपिंडातील नेफ्रॉनची मध्यम संख्या सुमारे ७ लाख होती, तर रक्तदाब नसलेल्या दहा जणांत सुमारे १४ लाख. व्यक्ती थोड्याच होत्या, त्यामुळे एवढ्यावरून अंतिम निवाडा करता येणार नाही. परंतु आरंभीची शिल्लक कमी-अधिक असते म्हणजे काय, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण.

उंदरांत जे घडले ते माणसात जसेच्या तसे घडेल, असे गृहीत धरणे योग्य नाही. त्यांचे स्वादुपिंड जन्मानंतरही बरेच घडत राहते, आपले त्या मानाने आधीच घडते. म्हणून माणसांतील पुरावा स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे.

असा पुरावा अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील पिमा या मूलनिवासी समाजातून मिळाला. या समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आणि १९६५ पासून त्यांच्या आरोग्याची नियमित नोंद ठेवली गेली. वीस ते चोवीस वर्षे वयाच्या तरुणांची माहिती १९८८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या मातांना मधुमेह नव्हता, त्यांच्यापैकी शेकडा १.४ जणांना मधुमेह होता. ज्यांच्या मातांना प्रसूतीनंतर केव्हातरी मधुमेह झाला, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ८.६ होते. आणि ज्यांच्या मातांना गर्भारपणातच मधुमेह होता, त्यांच्यात ते शेकडा ४५.५ होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील मातांकडून आलेला वारसा साधारण सारखाच. फरक होता तो त्या नऊ महिन्यांतील साखरेचा.

२००० साली याच समाजातील सख्ख्या भावंडांची तुलना झाली. आईला मधुमेह जडण्यापूर्वी जन्मलेले एक आणि नंतर जन्मलेले दुसरे. आई तीच, वडील तेच. तरीही नंतर जन्मलेल्या भावंडांत मधुमेहाची शक्यता साडेतीन पटींहून अधिक आढळली. वडिलांना मधुमेह होण्यापूर्वी आणि झाल्यावर जन्मलेल्या भावंडांत मात्र असा फरक आढळला नाही.

उपासमारीचे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांनी केलेल्या नाकेबंदीमुळे पश्चिम भागातील शहरांत भीषण अन्नटंचाई झाली. तेव्हा गर्भात असलेली अपत्ये पन्नाशीला आल्यावर अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांची तपासणी झाली. गर्भारपणाच्या मधल्या किंवा शेवटच्या काळात ज्यांच्या मातांची उपासमार झाली होती, त्यांच्या शरीराची साखर पेलण्याची शक्ती कमी झाल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. ती टंचाई काही महिन्यांतच संपली होती, तिचा ठसा मात्र अर्धशतक टिकला.

परदेशातील हे दाखले ऐकून ‘आपले काय?’ असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले, ही अभिमानाची बाब आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्यांची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. यात नवल नव्हते. नवल पुढे होते. बाळांचे दंड, पोट, डोके, उंची ही सारी मापे इंग्लंडच्या बाळांहून कमी भरली, पण खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेची घडी, म्हणजे तेथील चरबी, मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. आपले बाळ वजनाला हलके आणि तरीही चरबीने भरलेले, स्नायूंनी मात्र उणे. अंगकाठी किरकोळ असूनही आपल्या लोकांना तरुण वयात मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा पाळण्यापर्यंत जाऊन पोहोचला.

पुढे असे दिसून आले की, यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, भाजी-भाकरीतून मिळत नाही. ज्यांच्या मातांत फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, ती मुले सहा वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिन त्यांच्या शरीरात सर्वांत कमी परिणामकारक ठरत होते, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. यावरून कोणी गर्भारपणातील फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करू नयेत, ही हात जोडून विनंती. बाळाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी त्या अत्यावश्यक आहेत. घ्यायचा बोध एवढाच, की ब-१२ कडेही लक्ष हवे आणि तेही लग्नापूर्वीपासून. याच विचाराने पुण्याच्या संशोधकांनी २०१२ साली त्याच खेड्यांतील किशोरवयीन मुला-मुलींना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू केला.

पुण्याच्या संशोधकांचा सहभाग असलेला आणखी एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. उंदरांचा एक वंश तब्बल पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेला होता. त्यांची पिल्ले हलकी जन्मत, पोटात चरबी साठे, रक्तात ब-१२ कमी आढळे. नंतर दोन पिढ्या त्यांना पोटभर, व्यवस्थित आहार दिला, तरीही मधुमेहाकडचा कल गेला नाही. दुष्काळ आणि टंचाईच्या अनेक पिढ्या पाहिलेल्या आपल्या समाजाने विचार करावा असाच हा निष्कर्ष आहे. सुबत्ता आली म्हणजे मागची बाकी एका वर्षात फिटत नाही. ती धीराने, पिढीमागून पिढी फेडावी लागते.

या साऱ्यातून दोन गैरसमज निर्माण होण्याची भीती वाटते, म्हणून रुग्णांच्या आप्तेष्टांशी आम्ही स्पष्ट बोलू इच्छितो. पहिला गैरसमज असा, की दोष आईचा. हे सर्वथा चुकीचे आहे. ज्या स्त्रीची साखर गर्भारपणात वाढते, तिने काही अपराध केलेला नसतो. तिच्या बेटांची घडण तिच्या आईच्या पोटात झाली, त्या आईला काय खायला मिळाले होते हे कोणी विचारले? घरात सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणारी, दुधाचा पेला मुलांना आणि पुरुषांना देऊन स्वतः चहावर भागवणारी ती स्त्री एकटी उत्तरदायी कशी? सासूबाईंनी, पतीने, माहेरच्या मंडळींनी हा विषय आपला मानावा. गर्भवतीला बोल लावण्यापेक्षा तिच्या ताटात डाळ, दही, पालेभाजी पडते की नाही, हे पाहावे.

दुसरा गैरसमज असा, की जे ठरले ते ठरले, आता उपाय नाही. तेही खरे नाही. गर्भारपणातील मधुमेहावर उपचार केलेल्या आणि नेहमीची देखभाल मिळालेल्या एक हजार स्त्रियांचा ऑस्ट्रेलियातील अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. बाळांतील गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण उपचारांमुळे शेकडा ४ वरून १ वर आले. उपचार म्हणजे आहाराचा सल्ला, साखरेची तपासणी आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन. त्यात दुर्मीळ किंवा अतिमहाग असे काही नव्हते.

आता आपल्या रुग्णालयाविषयी. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची साखर पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान तपासावयाची असते. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात, आकडा १४० किंवा अधिक आला की पुढील देखभाल सुरू होते. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही साधी पद्धत आपल्या देशात रुजवली, त्यांचा १० मार्च हा जन्मदिवस गर्भारपणातील मधुमेहाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. येथपर्यंतचे काम आपल्याकडे नीट होते.

अडचण त्यापुढची आहे. प्रसूतीनंतर बहुधा साखर उतरते आणि घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतरांहून सात ते दहा पट असतो. म्हणून सहा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी व्हावयास हवी. नेमक्या त्याच वेळी सव्वा महिना सरलेला असतो, पाहुणे, देवदर्शन, सासरी जाण्याची तयारी सुरू असते. पहिले बाळंतपण माहेरी, गर्भारपणातील तपासण्या सासरच्या गावी, त्यामुळे कागदही दोन ठिकाणी विभागलेले. बाळंतीण स्वतःच्या तपासणीसाठी मुद्दाम येत नाही. ती पुन्हा गर्भवती होऊन येते तेव्हा कित्येकदा साखर आधीपासूनच वाढलेली असते आणि दुसऱ्या बाळाचे अवयव घडण्याचे पहिले आठवडे निघून गेलेले असतात.

परंतु एका कामासाठी ती दीड महिन्याने नक्की येते, आणि ते म्हणजे बाळाची लस. आपल्या समाजातील आई स्वतःची तपासणी चुकवील, बाळाची लस चुकवणार नाही. म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे पुढील प्रस्ताव ठेवला आहे. ज्यांना गर्भारपणात मधुमेह होता, त्या मातांची तपासणी बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच, त्याच इमारतीत, विनामूल्य व्हावी. त्यांनी सकाळी उपाशीपोटी यावे, दोन तास बसण्यासाठी बाळाला पाजता येईल अशी आडोशाची जागा आणि चाचणी आटोपताच नाश्ता मिळावा. आईच्या केसपेपरचा क्रमांक बाळाच्या कार्डावर आणि बाळाचा आईच्या कागदावर लिहिला जावा. त्यानंतर दरवर्षी एकदा फोन करून आईला तपासणीस बोलावण्यासाठी आणि मुलाच्या वजन-उंचीची नोंद ठेवण्यासाठी एक सेविका नेमावी. सासरी गेलेल्या मातेला तिच्या गावच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी द्यावी.

या कामास नवी इमारत नको, परदेशी यंत्र नको. त्यामुळेच त्यासाठी निधी मिळणे कठीण जाते, हे अनुभवाने ठाऊक आहे. देणगीतून खोली उभी राहिली तर तिच्यावर कोनशिला बसते. सेविकेचे वेतन, फोनचे बिल, ग्लुकोजची पुडी आणि नाश्त्याची बशी यांवर नाव कोरता येत नाही. हिशेबाच्या भाषेत हा भांडवली खर्च नव्हे, दरसाल येणारा खर्च आहे. तो एका वर्षाच्या देणगीवर सुरू करून पुढच्या वर्षी थांबवणे म्हणजे न करण्यासारखेच. म्हणून यासाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा आणि त्याच्या व्याजातूनच हे काम चालावे, अशी आमची नम्र सूचना आहे. या निधीचा हिशेब अहवालात वेगळा दाखवला जाईल. किती मातांना बोलावले, किती आल्या आणि किती आल्या नाहीत, हे तिन्ही आकडे दरवर्षी आपल्यापुढे ठेवण्याचे आश्वासन आम्ही देतो.

या खर्चाचे फळ पाहण्यास वीस-पंचवीस वर्षे लागतील. तोवर आजच्या कार्यालयातील आम्हां मंडळींपैकी कोणी येथे नसेल, सभागृहातील ज्येष्ठांपैकी काहींना ते पाहता येणार नाही. परंतु आजच्या पाळण्यातील मुलगी तेव्हा स्वतः आई होण्यासाठी याच दारातून आत येईल. तिच्या खात्यावर पुढे ओढलेली शिल्लक किती असावी, हे काही अंशी आज आपण ठरवणार आहोत.

  विश्वस्त मंडळाने या प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करावा, ही विनंती.